'ओल्ड'च्या विरुद्ध काय: 'यंग' की 'न्यू'?

अंगणवेल (प्रश्न)

माझी मुलगी चौथीत शिकते. गेल्या आठवड्यात तिची इंग्रजीची घटक चाचणी तपासून घरी आली. विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नात 'ओल्ड' या शब्दापुढे तिने 'न्यू' असे लिहिले होते. त्यावर लाल शाईने फुली मारून शेजारी 'यंग' असे लिहिलेले होते. शब्द एकटाच दिलेला होता. सोबत वाक्य नव्हते आणि चित्रही नव्हते. मी शिक्षिकांना भेटून विचारले, तेव्हा त्यांनी उत्तरसूची दाखवली. सूचीत 'यंग' आहे आणि सर्व तुकड्यांचे पेपर एकाच सूचीप्रमाणे तपासावे लागतात, असे त्यांनी सांगितले. त्यांची अडचण मला समजते आणि एका गुणासाठी मी हा धागा काढलेला नाही.

मला अस्वस्थ केले ते मुलीच्या प्रश्नाने. "आपलं कपाट ओल्ड आहे ना? मग कपाट यंग कसं असेल?" असे तिने विचारले. मी तिला मराठीतून समजावू लागले आणि आणखी अडकले. 'ओल्ड' म्हणजे जुना, असे मी सांगितले, तर ती म्हणाली की जुन्याच्या विरुद्ध नवा, म्हणजे माझेच बरोबर. मग 'ओल्ड' म्हणजे म्हातारा, असे सांगितले, तर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आजी म्हातारी आहे आणि आजीची ट्रंक जुनी आहे. इंग्रजीत दोघींना एकच शब्द आहे का?" आहे, असे मी म्हटले. का, असे तिने विचारले, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

येथे भाषेचे अध्यापन आणि अभ्यास करणारी मंडळी आहेत, म्हणून विचारते. दोन्हींपैकी एक उत्तर अधिक बरोबर आहे, असे म्हणता येते का? आणि इंग्रजीचा एक शब्द व मराठीचे दोन शब्द हा फरक नऊ वर्षांच्या मुलीला नेमका कसा सांगावा?

खडूफळा (प्रतिसाद)

अंगणवेलताई, मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येत असे. तुमच्या मुलीचे उत्तर बरोबर आहे आणि सूचीतले उत्तरही बरोबर आहे. प्रश्न मात्र अपुरा आहे, कारण 'ओल्ड' कशाबद्दल म्हटले आहे हे त्याने सांगितलेलेच नाही.

इंग्रजीत रोजच्या वापरातली अशी काही विशेषणे आहेत, जी पुढचे नाम बदलले की आपला विरुद्धार्थी शब्दही बदलतात. 'हार्ड' उशीसमोर 'सॉफ्ट' येते, पण 'हार्ड' गणितासमोर 'इझी' येते. 'लाइट' पिशवीच्या विरुद्ध 'हेवी' आणि 'लाइट' रंगाच्या विरुद्ध 'डार्क'. हात 'राइट' नसेल तर 'लेफ्ट' असतो, उत्तर 'राइट' नसेल तर 'राँग' असते. 'शॉर्ट' मुलाच्या विरुद्ध 'टॉल' मुलगा, 'शॉर्ट' दोरीच्या विरुद्ध 'लाँग' दोरी. जॉन जस्टेसन आणि स्लाव्हा कॅट्झ या दोन अभ्यासकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात नेमके हे चार आणि पाचवा 'ओल्ड' असे पाच शब्द घेतले होते. संगणकाने वाक्य वाचताना यांतला कोणता अर्थ धरावा, हा त्यांचा प्रश्न होता. विशेषण ज्या नामाला लागले आहे ते नाम पाहिले की अर्थ ओळखण्याची भरवशाची खूण मिळते, असे त्यांनी दाखवले. तुमची मुलगी कपाटाचे नाव घेऊन भांडली, तेव्हा तिने तेच केले.

प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८५ पासून तयार होत गेलेल्या 'वर्डनेट' या शब्दजालातही 'ओल्ड'चे हे अर्थ वेगळे नोंदवलेले आहेत. सजीवाच्या वयाच्या अर्थासमोर 'यंग' आहे आणि वस्तूच्या अर्थासमोर 'न्यू' आहे. उत्तरसूची तयार करणाऱ्याने एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

अर्थात, नाम पाहूनही प्रत्येक वेळी सुटका होत नाही. 'ओल्ड फ्रेंड' हे उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. हा मित्र सत्तरीचा आहे, की बालवाडीपासूनचा आहे? पहिल्या अर्थाच्या विरुद्ध 'यंग फ्रेंड' आणि दुसऱ्याच्या विरुद्ध 'न्यू फ्रेंड'. तिशीतल्या माणसालाही तिशीतलाच 'ओल्ड फ्रेंड' असू शकतो. मराठीत म्हातारा मित्र आणि जुना मित्र यांची गल्लत कधीच होत नाही, कारण आपल्याला निवड तोंड उघडण्याआधीच करावी लागते. मुलीला हेच सांगा की इंग्रजी माणूस एक शब्द वापरतो आणि बाकीचे ऐकणाऱ्याने ओळखायचे असते, तर मराठी माणूस ते स्वतःच स्पष्ट करून देतो.

आणखी एक गोष्ट तिला नक्की आवडेल. तीन दिवसांच्या बाळाबद्दलही इंग्रजीत 'ओल्ड' हाच शब्द येतो: बाळ 'थ्री डेज ओल्ड' आहे. येथे 'ओल्ड'च्या विरुद्ध काहीच नाही, कारण तो म्हातारपण सांगत नाही, फक्त वय मोजतो. आपण विहिरीबद्दल "किती खोल आहे?" असे विचारतो तेव्हा ती खोल आहे असे आपले म्हणणे नसते, "किती उथळ आहे?" असे विचारले तर मात्र ती उथळ असल्याचे आपण आधीच धरलेले असते. जोडीतला एक शब्द असा मोजमापासाठी वापरला जातो आणि दुसरा तेथे चालत नाही. वयाच्या बाबतीत मराठीने ही सोय केलेली नाही. आपण "वय किती?" किंवा "मुलगा केवढा आहे?" असे विचारतो.

शब्दमूळ (प्रतिसाद)

दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले, हा मुलीचा खरा प्रश्न आहे, म्हणून त्याच्या मुळाकडे जातो. 'ओल्ड' हा शब्द वाढणे आणि पोसणे असा अर्थ असलेल्या एका प्राचीन धातूपासून आला आहे. त्याच धातूपासून लॅटिनमध्ये पोसणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्यातून पुढे 'अ‍ॅडल्ट', 'अ‍ॅडोलसंट' आणि 'अल्युम्नस' हे शब्द इंग्रजीत आले. म्हणजे 'ओल्ड' आणि 'अ‍ॅडोलसंट' हे मुळात एकाच घरातले आहेत. एक वाढलेला आणि दुसरा वाढत असलेला. आता आपला 'वृद्ध' शब्द पाहा. तो संस्कृत 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूपासून आलेला आहे, आणि त्याच धातूची 'वृद्धी' आपण उत्पन्नाच्या संदर्भात रोज वापरतो. धातू वेगळे असले तरी दोन्ही भाषांनी एकच विचार केला: जो वाढून पुरा झाला तो वृद्ध. 'म्हातारा' हा शब्दही व्युत्पत्तिकार 'महत्तर' म्हणजे अधिक मोठा या शब्दाशी जोडतात, तेव्हा तोही याच वाटेचा आहे.

'जुना' मात्र दुसऱ्या वाटेने आला. तो 'जीर्ण' आणि 'जरा' या शब्दांच्या कुळातला आहे आणि त्या कुळाचा मूळ अर्थ झिजणे, क्षीण होणे असा आहे. ग्रीक भाषेत याच कुळातून म्हाताऱ्या माणसासाठी शब्द झाला आणि त्यावरून वृद्धांच्या वैद्यकशाखेला 'जेरियाट्रिक्स' हे नाव मिळाले. आपण ट्रंकेसाठी राखून ठेवलेला शब्द ग्रीकांनी आजोबांना लावला! मराठीने वाढण्याची कल्पना माणसासाठी ठेवली आणि झिजण्याची वस्तूसाठी ठेवली. ही वाटणी मला फार समंजस वाटते.

समोरच्या बाजूला तर इंग्रजी आणि मराठी सख्ख्या बहिणी आहेत. 'न्यू' आणि 'नवा' यांचे मूळ एकच आहे, कारण इंग्रजीचा शब्द आणि संस्कृत 'नव' हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. 'यंग' आणि संस्कृत 'युवन्' हेही तसेच. आपले 'युवक' आणि 'युवा' त्यातूनच आले. फारसीतून आलेला 'जवान' त्याच घराण्यातला आहे. म्हणून मुलीला असे सांगता येईल की 'ओल्ड'समोर उभे राहणारे दोन्ही शब्द तिला मराठीतून आधीपासून माहीत आहेत: नवा आणि युवा.

मूळ अर्थ वाढलेला असा आहे, म्हणून 'यंग' हेच खरे उत्तर, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हा शब्द वस्तूंना आणि काळाला लावला जात होता. शब्दाचे मूळ त्याचा प्रवास सांगते, परंतु आजच्या वापराचा निकाल देत नाही. 'अजीर्ण' हा शब्द घ्या. नियमाने पाहिले तर 'जीर्ण'ला 'अ' लावला की जे जुने झालेले नाही असा अर्थ व्हायला हवा. पण 'जीर्ण'चा पचलेले असाही अर्थ आहे आणि 'अजीर्ण' म्हणजे न पचणे एवढाच अर्थ मराठीत टिकला. म्हणून 'अ' किंवा इंग्रजी 'अन्' लावून विरुद्धार्थी शब्द बनवण्याचा जो सोपा नियम मुलांना पाठ करून घेतात, तो जपूनच वापरायला हवा. 'अमूल्य' वस्तू बिनकिमतीची नसते आणि इंग्रजीतली 'इन्व्हॅल्युएबल' मदतही टाकाऊ नसते.

परसबाग (प्रतिसाद)

मी भाषेची अभ्यासक नाही. आमचा भाजीचा मळा आहे आणि आठवड्याच्या बाजारात मी स्वतः बसते. 'जुना' आणि 'म्हातारा' यांच्यापलीकडे मराठीत आणखी किती शब्द आहेत, हे तुमच्या मुलीला बाजारात नेल्यास एका फेरीत कळेल.

गिऱ्हाईक भेंडी घेताना तिचे टोक अंगठ्याने मोडून पाहते. टोक टचकन तुटले तर भेंडी कोवळी आणि नुसतेच वाकले तर ती जून. आज सकाळी तोडलेली भेंडीसुद्धा जून असू शकते. ती ताजी असते, पण झाडावर जास्त दिवस राहिल्यामुळे निबर झालेली असते. उलट कोवळी भेंडी दोन दिवस टोपलीत पडून राहिली तर ती शिळी होते, पण जून होत नाही. इंग्रजीत या दोन्ही भेंड्यांना 'ओल्ड' म्हटले तर खपेल, परंतु पहिलीच्या विरुद्ध 'टेंडर' आणि दुसरीच्या विरुद्ध 'फ्रेश' म्हणावे लागेल. 'यंग' किंवा 'न्यू' यांपैकी एकही तेथे नीट बसत नाही. 'जून' आणि 'जुना' हे एकाच कुळातले असावेत, असे शब्दमूळ यांचे लिखाण वाचून वाटते. पण जुनी भेंडी असे बाजारात कोणी म्हणत नाही.

तांदळाच्या बाबतीत सगळेच उलटे आहे. तेथे जुना हा गुण आहे. नव्या तांदळाचा भात गिचका होतो आणि वर्षभर ठेवलेल्या तांदळाचा मोकळा होतो, म्हणून जुन्या तांदळाला भाव अधिक मिळतो. लोणच्याला आपण जुने म्हणत नाही, मुरलेले म्हणतो, आणि मुरलेल्याच्या विरुद्ध काय म्हणावे हे मलाही पटकन सुचत नाही. आमच्याकडे "अजून मुरायचं आहे" एवढेच म्हणतात. शब्द नसला तरी आमचे काही अडत नाही.

तपासनीस (प्रतिसाद)

मी उत्तरपत्रिका तपासतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. शेकडो उत्तरपत्रिका वेगवेगळ्या हातांनी तपासल्या जातात, तेव्हा सूची नसेल तर एका मुलाला गुण मिळतो आणि त्याच उत्तराला दुसऱ्याला मिळत नाही. हा अन्याय अधिक मोठा आहे. त्यामुळे सूची हवीच. पण सूचीत एका प्रश्नासमोर दोन उत्तरे लिहिता येतात आणि तपासणी सुरू होण्यापूर्वी होणाऱ्या चर्चेत शिक्षक तशी सुचवणही करू शकतात. शाळेला एक साधे पत्र देऊन 'न्यू' हेही उत्तर ग्राह्य धरावे, अशी विनंती करावी. मागील गुणासाठी नव्हे, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ते उपयोगी पडेल.

दप्तरखाना (प्रतिसाद)

'ओल्ड'चे एक रूप असे आहे की तेथे सूचीचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरते. 'एल्डर' हे 'ओल्ड'चे तरतमभावाचे जुने रूप आहे आणि त्याच्या विरुद्ध नेहमी 'यंगर' येते, 'न्यूअर' कधीही येत नाही. मराठीत येथे थोरला आणि धाकटा ही स्वतंत्र जोडी आहे. ती म्हातारा आणि तरुण यांच्याशी अजिबात बांधलेली नाही, हे आपल्या इतिहासातून फार स्पष्ट दिसते. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला वारले तेव्हा ते २७ वर्षांचे होते. थोरले बाजीराव १७४० मध्ये चाळिशी गाठण्याआधीच गेले, तर दुसरे बाजीराव १८५१ पर्यंत, म्हणजे ७६ वर्षे जगले. जो जास्त जगला तो थोरला ठरला नाही. जो आधी होऊन गेला तो थोरला.

याच्या जवळचा आणखी एक शब्द म्हणजे 'ज्येष्ठ'. त्याच्या विरुद्ध 'कनिष्ठ', हे प्रत्येक मुलाला पाठ असते. पण २००७ च्या कायद्यानुसार ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला आपण ज्येष्ठ नागरिक म्हणतो, म्हणून त्यापेक्षा लहान असलेल्या कोणालाही कनिष्ठ नागरिक म्हणत नाही. नाम बदलले आणि जोडीतला दुसरा शब्द गळून पडला. तसेच शाळेच्या 'ओल्ड स्टुडंट'ला आपण जुना किंवा म्हातारा विद्यार्थी न म्हणता माजी विद्यार्थी म्हणतो आणि त्याच्यासमोर 'आजी' हा शब्द ठेवतो. आजी-माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असे निमंत्रण चौथीतल्या मुलीने वाचले, तर तिला प्रथम आपली आजीच आठवेल, म्हणून हा 'आजी' आजपासून बनला आहे हे तिला मुद्दाम सांगावे.

गावांच्या नावांतही ही जोडी सापडते. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा दिला आणि तिचे नाव 'नोव्हा गोवा' म्हणजे नवे गोवे असे ठेवले. आधीची राजधानी 'वेल्हा गोवा', म्हणजे आपले जुने गोवे. पोर्तुगीजांचा 'वेल्हा' शहराला लागतो तसा म्हाताऱ्या बाईलाही लागतो आणि त्यांचा 'नोव्हा' नवी व तरुण या दोन्ही अर्थांनी चालतो. त्या भाषेच्या पेपरात तुमच्या मुलीला एकाच शब्दावर गुण मिळाला असता.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. तपासनीस यांच्या सूचनेप्रमाणे मी शाळेला पत्र दिले आहे आणि शिक्षिकांनी ते आपुलकीने स्वीकारले.

काल संध्याकाळी आम्ही दोघी एक वही घेऊन बसलो. डावीकडे नाम, मध्ये त्याला लागणारा 'ओल्ड'साठीचा मराठी शब्द आणि उजवीकडे त्याच्या विरुद्धचा शब्द, असे तीन रकाने तिने स्वतः आखले. आजी, म्हातारी, तरुण. ट्रंक, जुनी, नवी. भेंडी, जून, कोवळी. ही ओळ लिहिण्याआधी तिने फ्रीजमधल्या चार भेंड्यांची टोके मोडून पाहिली. पोळी, शिळी, ताजी. दादा, थोरला, धाकटा. विद्यार्थी, माजी, आजी. लोणच्यासमोरचा तिसरा रकाना तिने मोकळा ठेवला आहे आणि त्यात पेन्सिलीने "मुरायचंय" असे लिहिले आहे.

वही मिटताना तिने नवा प्रश्न काढला, तो येथे विचारून ठेवते. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात अमावास्येला 'न्यू मून' म्हटले आहे आणि त्याच्या विरुद्ध 'फुल मून' आहे. मग 'ओल्ड मून' असतो का?

शब्दमूळ

असतो. अमावास्येनंतरच्या बारीक चंद्रकोरीच्या आत उरलेले अख्खे बिंब पृथ्वीवरून परतलेल्या प्रकाशाने अंधूक दिसते, त्याला इंग्रजीत नव्या चंद्राच्या कुशीतला 'ओल्ड मून' म्हणतात. येत्या शुक्ल पक्षातल्या तृतीयेला सूर्य मावळल्यावर तिला पश्चिमेकडच्या गच्चीवर न्या. आकाश स्वच्छ असेल तर जुना आणि नवा दोन्ही एकत्र दिसतील.